रिकामा कधी तोललास?

चवथीचा दुसरा दिवस होता. जेवणं आटोपली होती, खतखत्यातल्या तिरफळांचा वास अजून बोटांना होता आणि मी माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, लॅपटॉप उघडून बसले होते. भक्तिभाव वगैरे काही नाही, आमच्या घरात मोबाइलची रेंज धड मिळते ती तेवढ्याच कोपऱ्यात. दूरच्या एका संगणकावर माझी गणितं लावून ठेवलेली होती, ती पुरी झाली का एवढंच बघायचं होतं. डोक्यावर आंबाडे, सुपारीचे घोस, भलामोठा तोरिंज, आणि स्क्रीनवर आकड्यांचे रकानेच्या रकाने. बाबा विडा जमवत मागे येऊन उभे राहिले. "हे कसले आकडे गो?" "वजनं आहेत," मी म्हटलं. अणूंच्या केंद्रकांची वजनं, आणि खालच्या ओळींतली बरीचशी केंद्रकं अजून कुणी बनवलेलीच नाहीत. इथवर आलं की माणसं ठरलेला प्रश्न विचारतात, ह्याचा उपयोग काय. माझं उत्तरही ठरलेलं असतं, आणि थोडं खोटंही. बाबांनी तो विचारला नाही. कपाळावरचा चष्मा खाली घेतला, एका रकान्यावरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि म्हणाले, "हा भरलेला. मग रिकामा कधी तोललास?"

उत्तराला न थांबता ते पडवीत गेले. तिथे कुणीतरी घुमट, आपलं मातीचं वाद्य, थाप मारून बघत होतं.

बाबांच्या तोंडचा हा प्रश्न भाबडा नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी वजनकाट्यावर काढली. गोव्यात तिस्क-उसगावच्या पुढे, धारबांदोड्याच्या रस्त्याला खनिजाच्या ट्रकांचा तो काटा होता. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाटा, शेजारी पत्र्याची केबिन, आत एक टेबलफॅन, जो धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचा. शाळेला सुटी असली की डबा घेऊन मी जायची. ट्रक पाट्यावर चढला की केबिनची काच थरथरायची आणि लाल आकडे नाचायला लागायचे, सोळा हजार दोनशे, सोळा हजार एकशे ऐंशी, दोनशे वीस, आणि इंजिन बंद झालं की एका जागी ठरायचे. बाबा ग्रॉस लिहायचे. जेटीवर माल ओतून ट्रक परत आला की पुन्हा पाट्यावर, मग टेअर. वजा केलं की नेट. पैसे सगळे नेटवर. ट्रकवाल्याचे, कंपनीचे, सरकारचे. ड्रायव्हर भरल्या वेळी केबिनमध्ये आणि रिकाम्या वेळी खाली चहा पीत उभा, की साठ किलो खनिज हवेतून पैदा झालं. म्हणून बाबांची एकच हाक दिवसभर चालायची, "सगळे खाली उतरा रे!" संध्याकाळी घरी येऊन अंगावर पाणी ओतलं की न्हाणीतून तांबडा ओहोळ निघायचा. त्या तांबड्या रंगाचा मला तेव्हा अभिमान होता, आता काय वाटतं ते सांगणं जरा कठीण आहे.

मी जे करते ते थोडक्यात हेच. निसर्गात सापडणारी मूलद्रव्यं बहुतेक युरेनियमपाशी, ९२ प्रोटॉनांपाशी संपतात. त्यापुढची बनवावी लागतात, आणि १०४ पासून पुढच्यांना अतिजड म्हणतात. आजवर ११८ पर्यंत मजल गेली आहे. ही केंद्रकं बहुतेकदा अल्फा कण बाहेर टाकून हलकी होतात, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एका झटक्यात कमी. आधीच्या केंद्रकाचं वस्तुमान घ्या, त्यातून नंतरच्याचं आणि अल्फाचं वजा करा. जे उरतं ते ऊर्जा बनून बहुतांशी अल्फाच्या वेगात जातं. प्रयोगशाळेत दिसतो तो हा उरलेला भाग. सिलिकॉनच्या एका पातळ पत्र्यात अल्फा येऊन रुतला, इतकी ऊर्जा होती, इतक्या वेळाने आला. बस. प्रयोगवाल्यांच्या हातात फक्त नेट येतं. ग्रॉस आणि टेअर दोन्ही आम्ही, सिद्धांतवाले, कागदावर काढतो.

आणि ते नेट किती बारीक असतं! ११८ व्या मूलद्रव्याचं, ओगानेसनचं, जे एकमेव समस्थानिक (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त, असे एकाच मूलद्रव्याचे प्रकार) हाती लागलंय त्यात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून २९४ कण आहेत. त्याचं वस्तुमान ऊर्जेच्या भाषेत साधारण पावणेतीन लाख एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केंद्रकांच्या ऊर्जेचं माप). अल्फाबरोबर बाहेर पडणारी ऊर्जा बाराच्याही थोडी आत. आमची चांगली मॉडेलं वस्तुमान सांगताना सरासरी अर्ध्या एमईव्हीने चुकतात. पावणेतीन लाखांत अर्धा, म्हणजे दशलक्षात दोन. बाबांच्या सोळा टनी ट्रकाला हाच हिशेब लावला तर तीस ग्रॅमची चूक झाली, मूठभर सुक्या सुंगटांची. जगातला कुठलाही काटेवाला यावर खूश होईल. आम्हाला ती परवडत नाही.

का परवडत नाही, याचं उत्तर १९२८ सालचं आहे. गॅमोने, आणि त्याच सुमारास गर्नी आणि कॉंडन या दोघांनी, दाखवून दिलं की अल्फा केंद्रकाची भिंत ओलांडून बाहेर येत नाही, भिंतीतून आरपार येतो. पुंजयांत्रिकीत, म्हणजे क्वांटमच्या नियमांत, त्याला तेवढी मुभा आहे. पण ही मुभा भिंतीच्या जाडीवर भयंकर अवलंबून असते. थोरियम-२३२ (नावापुढचा आकडा म्हणजे एकूण कण) मधून सुटणाऱ्या अल्फाची ऊर्जा चार एमईव्ही, आणि अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, चौदा अब्ज वर्षं. पोलोनियम-२१२ मधून सुटणाऱ्या अल्फाची पावणेनऊ, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त, आणि अर्धायुष्य एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचाही तिसरा हिस्सा. ऊर्जा दुप्पट झाली आणि आयुष्य एकावर चोवीस शून्यं इतक्या पटीने आटलं. पदवीच्या वर्गात पहिल्यांदा हे आकडे फळ्यावर पाहिले तेव्हा मी वही मिटून नुसती बघत राहिले होते. अभ्यासक्रमातली बाकीची पदार्थविज्ञानाची गणितं मला येत होती, पण अंगावर काटा आला तो त्या एका तासाला. अतिजडांच्या मुलखात अर्ध्या एमईव्हीची चूक म्हणजे आयुष्याच्या अंदाजात दहा ते तीस पटींची चूक. जगेल म्हटलेलं जगत नाही, मरेल म्हटलेलं आरामात दोन सेकंद नांदतं.

तर मग बाबांचा प्रश्न. रिकामा कधी तोललास?

खरं उत्तर असं की बऱ्याच ठिकाणी कुणीच तोललेला नाही. रशियातल्या डुबना इथे, कॅल्शियम-४८ चा मारा करून ११४ ते ११८ ही मूलद्रव्यं बनली. हे कॅल्शियमही कौतुकाची वस्तू आहे, साध्या कॅल्शियममध्ये ते हजारात दोन भागही नसतं. ११७ साठी लागणारं बर्केलियम अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीत शिजवलेलं, सगळं मिळून २२ मिलिग्रॅम, आणि तेही अकरा महिन्यांत निम्मं होणारं. कस्टमच्या कागदपत्रांत घोळ होऊन त्या पार्सलने पाच वेळा अटलांटिक ओलांडला म्हणतात. हे वाचून बाबा पोट धरून हसले होते. ट्रान्झिट पासवर सही राहिली म्हणून उन्हात तिष्ठत राहिलेले ट्रक त्यांनी जन्मभर पाहिलेत. तर या माऱ्यातून एखादा अणू जन्मतो, एक अल्फा टाकतो, मग दुसरा, कधी तिसरा, चौथा, आणि मग एका पायरीवर आपोआप दोन तुकडे होऊन फुटतो. ओगानेसनची साखळी ११२ पर्यंत, कोपर्निशियमपर्यंत, जेमतेम पोचते. जिथे ती फुटते त्या केंद्रकाचं वस्तुमानही कुणी मोजलेलं नसतं. म्हणजे नेटच्या पावत्या एकापुढे एक लागलेल्या आहेत आणि शेवटच्या रिकाम्या ट्रकाचं वजन कुठल्याच वहीत नाही. सगळी साखळी अधांतरी. तिच्यातल्या प्रत्येक वस्तुमानात शंभर एमईव्ही घातले तरी प्रयोगातला एकही आकडा हलणार नाही.

जपानची गोष्ट वेगळी, आणि म्हणून मला जास्त प्रिय. रिकेन संस्थेतल्या मोरिता यांच्या गटाने बिस्मथवर जस्ताचा मारा करून ११३ वं मूलद्रव्य शोधलं. नऊ वर्षांत तीन अणू. पहिला २००४ मध्ये, दुसरा २००५ मध्ये आणि तिसऱ्यासाठी थेट २०१२ चा ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात मोरिता देवळात गेले की ११३ येन टाकायचे म्हणे. हे ऐकून मला ते एकदम आपल्यातले वाटले. म्हार्दोळला कौल लावणारी माणसं पाहत मी मोठी झालेय, मीही प्रबंध सादर करायच्या आधी जाऊन आले होते. पहिल्या दोन अणूंच्या साखळ्या १०५ पाशी, डबनियमपाशी, फुटल्या. तिसरा मात्र सहा अल्फा टाकत टाकत १०१ पर्यंत, मेंडेलेव्हियमपर्यंत उतरला, जिथली केंद्रकं आधीपासून ओळखीची होती. साखळीचं खालचं टोक जमिनीला लागलं. मूलद्रव्याला निहोनियम नाव मिळालं ते त्या टेकण्यामुळे, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

थेट वजन करण्याचे प्रयत्न आता सुरू झालेत, नाही असं नाही. जर्मनीत नोबेलियम आणि लॉरेन्सियमच्या काही समस्थानिकांची वस्तुमानं विद्युत-चुंबकीय सापळ्यात पकडून मोजली गेली. २०२१ मध्ये जपानमध्ये डबनियम-२५७ चं वस्तुमान मोजलं, बोटांवर मोजण्याइतके अणू हाताशी घेऊन. अमेरिकेत बर्कलीतल्या यंत्राने २०१८ मध्ये मॉस्कोव्हियम (११५) आणि निहोनियमचे वस्तुमानांक, म्हणजे एकूण कणांचे आकडे, पक्के केले, पण ते म्हणजे ट्रक दहा टनी की बारा टनी एवढंच ठरवणं. ओगानेसनपाशी पोचायला अजून बराच रस्ता आहे.

मग आमचा काटा लावलाय कशाने? ज्ञात केंद्रकांनी. बाबांच्या काट्यावर हंगाम सुरू होण्याआधी वजनमाप खात्याची माणसं यायची, वीस-वीस किलोची ओतीव लोखंडी वजनं जीपमधून उतरवायची, पाट्याच्या चार कोपऱ्यांवर रचून बघायची आणि शिक्का मारून जायची. वजनं असायची दोन-चार टनांची आणि त्यावर चढणार सोळा टन. पुढच्या बारा टनांचं काय, असं मी एकदा विचारलं तेव्हा त्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग चहा मागवला. आमचीही तीच तऱ्हा. १९३५ मध्ये वाइत्सेकरने केंद्रकाला द्रवाचा थेंब समजून वस्तुमानाचं पहिलं सूत्र दिलं. चार-पाच पदं, शाळकरी पोरालाही बेरीज करता येईल असं. ते अजूनही आश्चर्य वाटावं इतकं चालतं. पण नुसत्या थेंबाच्या हिशेबाने १०४ च्या पुढे काही टिकायलाच नको, जन्मताच फुटायला हवं. ती टिकतात ती आतल्या कवचांमुळे, प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या रचनेतून मिळणाऱ्या पाच-सात एमईव्हीच्या जादा बांधणीमुळे. ती कशी मोजायची हे स्ट्रुटिन्स्कीने १९६७ मध्ये सांगितलं. तेव्हापासून एक घराणं थेंबात कवच मिसळतं, दुसरं घराणं थेंब सोडून देतं आणि एकेका कणाला बाकीच्या सगळ्यांनी मिळून तयार केलेल्या क्षेत्रात हलवून बघतं. त्यातलं सापेक्षतावादी सरासरी क्षेत्राचं गणित आपल्याकडे बरंच झालं. मुंबईच्या आयआयटीत गंभीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून अतिजडांची वस्तुमानं आणि अल्फा आयुष्यं काढली. कोलकात्यात आणि कण्णूरला भिंतीचा आकार नीट बसवून अर्धायुष्यांचे लांबलचक तक्ते झाले. ऊन मी म्हणत असताना कुठल्यातरी विद्यापीठाच्या पंख्याखाली, ज्यांची एक मिलिसेकंदही खात्री नाही अशा वस्तूंचे तक्ते भरत बसलेली माणसं. मला ही माणसं फार आवडतात, आणि मी त्यांतलीच एक आहे हे सोयीने विसरते.

दोन्ही घराण्यांची मॉडेलं दोन हजारांवर ज्ञात केंद्रकांशी ताडून बघितलेली. तिथवर दोन्ही शहाणी. तिथून पुढे दोघांची तोंडं वेगळीकडे. पुढचं भरलेलं कवच, जिथे ते प्रसिद्ध 'स्थैर्याचं बेट' असावं म्हणतात, ते पहिलं घराणं ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनांपाशी सांगतं. दुसऱ्यातली सापेक्षतावादी मंडळी १२० म्हणतात आणि न्यूट्रॉनांसाठी बरेचदा १७२; त्याच घराण्यातले बाकीचे काही १२४ किंवा १२६. आणि गंमत अशी की ज्या साखळ्या प्रयोगात दिसल्या त्यांची अल्फा ऊर्जा हे दोघेही बऱ्यापैकी बरोबर सांगतात.

इथे मला बाबांची जुनी गोष्ट आठवली. पाट्यावर चिखल साचायचा. रिकाम्या पाट्यावर काटा तीस-चाळीस किलो दाखवायचा. बाबा खराटा घेऊन झाडायचे, शून्याचं बटण दाबायचे, पुन्हा सुरू. पण जेटीवर बार्ज लागलेलं असलं आणि बाहेर ट्रकांची रांग तिस्कापर्यंत गेली, की कोण झाडत बसतो? "भरल्याला तोच चिखल आणि रिकाम्यालाही तोच चिखल," ते म्हणायचे, "वजाबाकीत निघून जातो. नेटला काय होतंय?" आणि खरंच काही होत नसे. अवकाळी सर येऊन मधल्या वेळात पाटा धुऊन निघाला तेवढ्या दिवशी मात्र भांडणं व्हायची.

आमच्या मॉडेलांच्या चुका अशाच साचलेल्या असतात. अल्फा टाकण्याआधीच्या आई-केंद्रकात जो एक-दीड एमईव्हीचा चिखल आहे तोच जवळपास तितकाच नंतर उरलेल्या कन्या-केंद्रकातही आहे, कारण दोघांत फरक तो चार कणांचा. वजाबाकीत तो जातो. म्हणून वस्तुमानात सपशेल चुकलेलं मॉडेलही अल्फा ऊर्जेत पाव-अर्ध्या एमईव्हीपर्यंत येतं आणि आम्ही शोधनिबंधात मोठ्या समाधानाने लिहितो, प्रयोगाशी चांगला मेळ. नेट जुळलं म्हणून काट्यावर विश्वास टाकतो. वर्षानुवर्षं मीही ह्याच वाक्यावर निबंध संपवत आलेय, सगळेच संपवतात, आणि ते खोटं नाही. पण ज्या जागी खरी उत्सुकता आहे तिथेच ही वजाबाकीची मेहेरबानी संपते. कवच भरतं त्या सीमेच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला कन्या असली की दोघींचा चिखल एकसारखा राहत नाही. मध्येच सर येऊन जाते. म्हणजे ११४ की १२० या वादाचा निकाल जिथे लागायचा, नेमक्या त्याच उंबऱ्यावर आमचे नेट कमीत कमी भरवशाचे. त्यातून विषम संख्येची केंद्रकं आणखी छळतात. अल्फा टाकल्यावर कन्या लगेच शांत होत नाही, थोडी ऊर्जा स्वतःकडे ठेवून घेते, आणि अल्फा तेवढा कमी जोराने बाहेर येतो. प्रयोगवाल्यांना वाटतं नेटच कमी. ड्रायव्हर उतरायचा राहिला, दुसरं काय.

नेट फारच छान जुळलं तर? त्याचीही एक गोष्ट आहे. १९९९ मध्ये बर्कलीहून बातमी आली की शिशावर क्रिप्टॉनचा मारा करून ११८ वं मूलद्रव्य मिळालं, तीन साखळ्या दिसल्या. एका पोलिश सिद्धांतकाराने ही अभिक्रिया बऱ्यापैकी सहज घडावी असं भाकीत केलं होतं, आणि साखळ्यांतल्या ऊर्जाही त्याच्या आकड्यांच्या आसपास होत्या. जर्मनीत, फ्रान्समध्ये, जपानमध्ये लोकांनी करून पाहिलं, कुणाला काही दिसेना. शेवटी दावा मागे घेतला गेला आणि चौकशीत निघालं की त्या साखळ्या मुळात नोंदल्याच गेल्या नव्हत्या, संगणकात हाताने घातलेल्या होत्या. मला यात लबाडीपेक्षा तिची रीत लक्षात राहते. खोट्या साखळीला पटेल असं रूप द्यायला सिद्धांताचा तक्ता तयार होता. बाबांनाही न झालेल्या खेपांच्या पावत्या ओळखता यायच्या. यंत्रावर एकही ट्रक लागोपाठ दोनदा तेच नेट देत नाही, म्हणायचे. एकसारखे आकडे दिसले की समजावं, हे टेबलावर बसून लिहिलेले आहेत. ते कुणाला सांगायचे का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी आपणहून काढलं नाही.

खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. काटा बंद पडला. दारादारांत ट्रक उभे राहिले, टायरांतून गवत वर आलं, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. आमचं घर बाबांच्या पगारावर बांधलेलं, माझं शिक्षण त्याच मातीवर झालेलं, आणि त्याच मातीने मामाच्या शेतात गाळ भरून भात पिकेनासं झालं. दोन्ही गोष्टी एकाच जेवणाच्या पंगतीला बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. खनिजाचे ढीग किती टनांचे उचलले, किती कागदावर आले, याची भांडणं वर्तमानपत्रांत चालायची तेव्हा बाबा पेपर घडी घालून बाजूला ठेवायचे. मी परगावी पीएचडीला होते. सुटीत आले की ते विचारायचे, तुझ्या त्या अणूंना कोण तोलतं? मी म्हणायची, कुणी नाही बाबा, हिशेबाने काढतो. "हिशेबाने," ते म्हणायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यात कौतुक होतं असं मी इतके दिवस धरून चालले होते.

आता सगळ्यांचे डोळे ११९ आणि १२० वर आहेत. कॅल्शियम-४८ इथे उपयोगाचं नाही, कारण त्याच्यासमोर ठेवायला पुरेसं आइनस्टाइनियम किंवा फर्मियम जमतच नाही. म्हणून माऱ्याला जड कण हवेत. जपानमध्ये क्युरियमवर व्हॅनेडियम मारताहेत. बर्कलीने २०२४ मध्ये प्लुटोनियमवर टायटॅनियम मारून ११६ वं मूलद्रव्य बनवून दाखवलं, २२ दिवसांत दोन अणू, आणि आता १२० साठी कॅलिफोर्नियमची तयारी आहे. १२० च्या ज्या समस्थानिकांची आशा आहे त्यांच्या अल्फा ऊर्जेचे अंदाज तेरा एमईव्हीच्या आसपास फिरतात आणि आयुष्याचे मायक्रोसेकंदांत. अणू जन्मल्यापासून विलगकातून सरकत त्या सिलिकॉनच्या पत्र्यापर्यंत पोचायलाच मायक्रोसेकंदभर लागतो. अंदाज अर्ध्या एमईव्हीने इकडे झाला तर आयुष्य दहा पट जास्त, अणू सुखरूप पोचेल. तिकडे झाला तर वाटेतच संपेल, आणि महिनोन्‌महिने यंत्र चालवून माणसं कोऱ्या नोंदी बघत बसतील. कुणी विचारलंच तर माझा कौल १२० ला आहे, ११४ ला नाही. पुरावा तोकडा आहे हे मला माहीत आहे. फ्लेरोव्हियम, म्हणजे ११४, तिथे कवच भरत असतं तर त्याच्या शेजारपाजारच्या ऊर्जांत जो ठसठशीत खड्डा दिसायला हवा होता तो दिसलेला नाही, एवढंच माझं म्हणणं. १८४ न्यूट्रॉनांपासून आपण अजून लांब आहोत, तिथे गेल्यावर दिसेल, असं समोरचे म्हणतात. म्हणोत.

चवथीनंतर त्या तक्त्याचा निबंध लिहून पाठवला. अशा निबंधांत सहसा अल्फा ऊर्जा छापतात आणि पुढे अर्धायुष्य. वस्तुमानं कुणी मागत नाही, गणिताच्या पोटात राहतात. मी या वेळी आई आणि कन्या दोघींची वस्तुमानं प्रत्येक ओळीत घातली, आणि जिथे मोजलेलं वस्तुमान उपलब्ध आहे तिथे मॉडेल किती चुकतं तेही शेजारी. चूक कुठे एक एमईव्हीच्या वर आहे, कुठे दीडच्या. परीक्षकाचं म्हणणं आलं की हे दोन रकाने अनावश्यक आहेत, निकाल ऊर्जेवरच अवलंबून असल्याने ते गाळावेत, तक्ता आटोपशीर होईल. मी उत्तरात लिहिलं की ऊर्जा जुळते ती बऱ्याच अंशी चुका एकमेकींना खात असल्यामुळे, आणि वाचणाऱ्याला ते तक्त्यातच दिसावं. रकाने ठेवले. दोन पानं वाढली. वाढीव पानांचे पैसे लावतील असं संपादकांनी कळवलंय, बघू किती म्हणतात ते.